आवाज उलगडायचा कुठे?

होम थिएटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक स्पीकर वाजवून बघतं, किमतीची घासाघीस करतं आणि पैसे काढायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतं, "भाऊ, डिजिटल वायर लावू का साधी लाल-पांढऱ्या पिनची लीड? डिजिटलचा आवाज भारी रायते म्हणतात." दुकान अमरावतीत राजापेठेला आणि कामं थेट अकोल्यापर्यंत. त्यामुळे हा प्रश्न साईनगरात ऐकला, कॅम्पात ऐकला, मूर्तिजापुरात ऐकला आणि अकोल्याच्या जठारपेठेतही ऐकला. 'डिजिटलच घ्या' म्हणून महागाची केबल हातात ठेवणं सोपं आहे. मी मात्र आधी टीव्हीच्या आणि ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटो मागतो. कारण या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. डिजिटल म्हणजे चांगलं आणि ॲनालॉग म्हणजे जुनाट, अशी वाटणी खरी नाही. घरातल्या कोणत्या खोक्यात आवाज उलगडायचा, एवढंच ठरवायचं असतं. ते ठरलं की वायर कोणती हा प्रश्न उरत नाही.

जरा फोडून सांगतो. स्पीकरचा कोन हलतो तो विजेच्या चढउतारावर, म्हणजे शेवट सगळीकडे ॲनालॉगच. डिस्कमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये मात्र आवाज आकड्यांच्या रूपात असतो. साध्या ऑडिओ सीडीत एका सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची नोंद घेतलेली असते आणि प्रत्येक नोंद 16 बिटांची असते. या आकड्यांचे पुन्हा विजेचे चढउतार करणारी चिप कुठे ना कुठे लागतेच. ती प्लेअरमध्ये असते, टीव्हीत असते, चांगल्या ॲम्प्लिफायरमध्येही असते. लाल-पांढरी लीड लावली की आधीच्या खोक्यातली चिप काम करते. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय लावली की आकडे जसेच्या तसे पुढे जातात आणि पुढच्या खोक्यातली चिप काम करते. दोन्हींतली ज्याची चिप चांगली, त्याच्याकडे हे काम सोपवायचं. आणि हे काम एकदाच व्हावं, हेही बघायचं.

सराउंडच्या बाबतीत आणखी एक पायरी येते. पाच स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे सहा वेगवेगळे आवाज. ते न दाबता पाठवायचे तर सेकंदाला साडेचार मेगाबिटांच्या वर माहिती लागते. डॉल्बी डिजिटलनं ती दाबून डीव्हीडीवर जास्तीत जास्त 448 किलोबिटांत बसवली. आपल्याकडे जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात, तसंच हे. गाठ नेणं-आणणं सोपं जातं, पण पुढे ती सोडणारा कुणी हवा. गाठ सोडणारं यंत्र म्हणजे डिकोडर. तो ज्या खोक्यात नाही, त्याला डॉल्बीची गाठ नेऊन दिली तर आवाज तरी येत नाही किंवा नुसती खरखर तरी येते. गिऱ्हाइकाच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात.

मी कामाला लागलो तो व्हीसीडी-डीव्हीडीचा काळ होता. अमरावतीत चित्रा, प्रभात, सरोज, श्याम ही टॉकीजची नावं चौकांना चिकटलेली. टॉकीजमध्ये मागून येणारा आवाज ऐकून आलेल्या माणसाला तोच आवाज दिवाणखान्यात हवा असायचा. डॉल्बी डिजिटल 1992 मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर आणि डीटीएस 1993 मध्ये 'जुरासिक पार्क'बरोबर पडद्यावर आलं. ती अक्षरं आपल्या गावात स्वस्तातल्या खोक्यांवरही छापून आली आणि लोकांना वाटू लागलं की खोक्यावर अक्षरं आहेत म्हणजे आवाजही तसाच येणार. पुढे मोझर बेअरनं 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा घराघरात पेट्या भरल्या. पण व्हीसीडीत मुळातच दोन चॅनलचा आवाज असतो. तिला कोणतीही वायर लावली तरी सहा आवाज निघणार नाहीत. मागच्या स्पीकरमधून जे यायचं ते पुढच्याचंच प्रतिबिंब असायचं. वायर बदलण्याआधी मूळ माल काय आहे ते बघायची सवय मला तिथून लागली.

त्या काळात डीव्हीडी प्लेअरच्या मागे सहा आरसीए सॉकेटं असायची: पुढचे दोन, मधला, मागचे दोन आणि वूफर. प्लेअरमध्येच डिकोडर, त्यामुळे गाठ तिथेच सुटायची आणि सहा लीडांतून सहा आवाज ॲम्प्लिफायरकडे जायचे. ॲम्प्लिफायरला फक्त मोठं करायचं काम. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून आमच्याकडचे कारागीर असे सहा चॅनलचे ॲम्पली जुळवायचे. ट्रान्सफॉर्मर दणकट आणि सोल्डरिंग नीट असेल तर त्यांचा आवाज आजही कानाला गोड लागतो.

या सहा लीडांच्या जोडणीत एक गोष्ट फार थोडे लोक सांभाळायचे. ॲनालॉग सहा चॅनल आत घेताना बहुतेक रिसीव्हर स्वतःचं काही करत नाहीत. कोणता स्पीकर किती अंतरावर आहे, लहान स्पीकरचा खर्ज वूफरकडे वळवायचा का, हे सगळं प्लेअरच्या मेनूत भरावं लागतं. ते न भरल्यामुळे मागचा स्पीकर मानेजवळ आदळतो आणि वूफर मुका वाटतो. उत्तम दर्जाच्या संगीताच्या डिस्क म्हणून एसएसीडी 1999 मध्ये आणि डीव्हीडी-ऑडिओ 2000 मध्ये आली, त्यांचा खरा आवाज ऐकायलाही या सहा लीडाच लागायच्या, कारण नक्कल होऊ नये म्हणून तो आवाज ऑप्टिकलवाटे बाहेर सोडलेलाच नव्हता. म्हणजे उत्तम दर्जाचं संगीत ॲनालॉग तारेतून आणि दाबलेला आवाज डिजिटल तारेतून, असेही दिवस होते.

ऑप्टिकल केबल मूळची तोशिबाची, 1983 सालची. आत प्लॅस्टिकचा तंतू असतो आणि त्यातून लाल उजेड जातो. ती तपासायला मीटर लागत नाही. टीव्हीकडचं टोक खोचून दुसऱ्या टोकासमोर तळहात धरला की हातावर लाल ठिपका पडतो. ठिपका ठळक असेल तर केबल शाबूत. अंधुक असेल तर कुठेतरी ती काटकोनात वाकवलेली असते किंवा टोकावरची प्लॅस्टिकची टोपी काढायची राहिलेली असते. तिच्यातून न दाबलेले दोन चॅनल जातात, किंवा डॉल्बी डिजिटल वा डीटीएसची सहा चॅनलची गाठ जाते. न दाबलेले सहा चॅनल तिच्यातून जात नाहीत. 2006 साली ब्लू-रे आली, तिच्यातला डॉल्बी ट्रूएचडीसारखा आवाजही ऑप्टिकलमधून जात नाही. हे ऑप्टिकलचे कायमचे बांध आहेत.

पण ऑप्टिकलचा एक गुण असा आहे की आपल्या वऱ्हाडात तिची किंमत तेवढ्यासाठीच वसूल होते. जठारपेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरचं काम सांगतो. मे महिना, भिंतीही तापलेल्या. नवा टीव्ही, डिशची पेटी आणि मुलानं पुण्याहून पाठवलेला जुना पण चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर. आवाज लावायच्या आधीच स्पीकरमधून घुं घुं. गुरुजी म्हणाले, "भाऊ, आवाज कमी केला तरी हे घोंघावूनच रायलं. ॲम्पली बिघडला काय?" मी म्हटलं, "सर, डिशची केबल काढतो, तुम्ही फक्त ऐका." पेटीतून गोल केबल उपसली आणि घोंघाट जागच्या जागी थांबला. केबल परत लावली, परत सुरू.

ॲम्प्लिफायर ठणठणीत होता. गच्चीवरच्या छत्रीपासून येणाऱ्या केबलची जाळी एकीकडे जमिनीला लागलेली, ॲम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून दुसरीकडे जमिनीला लागलेला, आणि या दोन जमिनींमध्ये विजेचा दाब सारखा नव्हता. मग तो फरक लाल-पांढऱ्या लीडच्या बाहेरच्या कवचातून वाहू लागतो. आपली लाइन 50 हर्ट्झची, तोच सूर स्पीकरमध्ये उमटतो. मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये लावला. तिथला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. तिथे आकडा विसाच्या पुढे गेला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातला कोळसा आणि मीठ कोरडं पडतं, पाइपला मातीचा स्पर्शच राहत नाही. पावसाळ्यात गप्प असलेला ॲम्पली एप्रिल-मेमध्ये घोंघावू लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा अंगणात असतं.

टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल लावली की दोघांमध्ये तांब्याचा संबंधच राहत नाही, फक्त उजेड जातो. गुरुजींच्या जुन्या ॲम्प्लिफायरला ऑप्टिकलचं सॉकेट नव्हतं, म्हणून मध्ये एक लहानसा कन्व्हर्टर बसवला. त्यात उजेड आत जातो आणि लाल-पांढरी पिन बाहेर येते. इथे एक बारकावा आहे. या कन्व्हर्टरला पाच व्होल्ट लागतात आणि लोक ते सोयीसाठी टीव्हीच्याच यूएसबीतून घेतात. असं केलं की यूएसबीच्या तारेतून जमिनीचा संबंध पुन्हा जोडला जातो आणि घोंघाट तसाच राहतो. मग लोक म्हणतात, "ऑप्टिकल लावूनही काही फरक नाही पडला." मोबाइलच्या वेगळ्या, चांगल्या चार्जरवर तो कन्व्हर्टर चालवा, घोंघाट जातो. गुरुजींच्या खोलीत तो गेला आणि त्यांनी पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवून बातम्या ऐकल्या.

तरीही मी त्यांना त्याच दिवशी वायरमन बोलावून अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्यायला लावला. घोंघाट थांबला म्हणजे अर्थिंग सुधारलं असं होत नाही. ऐकू येणारी खूण तेवढी बंद होते. काही ठिकाणी मला ॲम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड, अर्थची पिन कापलेली दिसते. कुणीतरी सांगितलेलं असतं की ती तोडली की हम, म्हणजे हा घोंघाट, जातो. हम जातो हे खरं. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी दगा देईल तेव्हा पत्र्याच्या डब्यात आलेली वीज जायला जमीन उरत नाही आणि लहान मूल तिथे हात लावतं. असा प्लग दिसला की मी आधी तो बदलतो, नंतर बाकीचं काम.

दुसरी वारंवार येणारी तक्रार याच्या उलटी. साईनगरात एका तरुण जोडप्यानं नवा टीव्ही घेतला, ऑप्टिकल केबल आणि तसाच कन्व्हर्टर मागवला आणि घरच्या जुन्या 5.1 वूफर सेटला जोडला. गाणी व्यवस्थित, बातम्या व्यवस्थित, सिनेमा लावला की कधी शांतता, कधी कर्कश खरखर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'बिटस्ट्रीम'वर होता. सिनेमा आला की टीव्ही डॉल्बीची गाठ न सोडता तशीच पुढे पाठवायचा आणि कन्व्हर्टरमध्ये डिकोडर नव्हता. सेटिंग 'पीसीएम'वर, म्हणजे टीव्हीनंच गाठ सोडण्यावर, नेलं, आवाज आला. पण तो दोन चॅनलचा. वहिनींनी बरोबर विचारलं, "मग मागच्या दोन स्पीकरमधून वेगळं काहीच नाही येणार का?" त्यांना 'सैराट' तसा ऐकायचा होता. त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ती व्हायोलिनं एका रेषेत दाबून ऐकणं त्यांना मान्य नव्हतं.

मी त्यांना तीन वाटा सांगितल्या. डिकोडर असलेला कन्व्हर्टर घ्यायचा. तो गाठ सोडून सहा ॲनालॉग पिना देतो आणि घरचा सेट चालतो. किंवा एचडीएमआय असलेला रिसीव्हर घ्यायचा, तो महाग. किंवा आहे त्या पैशात पुढचे दोन चांगले स्पीकर घ्यायचे आणि स्टिरिओच नीट ऐकायचा. त्यांनी पहिली वाट धरली आणि त्यांच्या घरासाठी ती योग्यच होती. तिथे टीव्हीपासून कन्व्हर्टरपर्यंत डिजिटल आणि पुढे ॲनालॉग, म्हणजे दोन्ही आपापल्या जागी.

ॲनालॉग तारच योग्य ठरते अशी घरंही आहेत. बडनेऱ्याला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काकाजी आहेत. त्यांच्याकडे टर्नटेबल आणि रेकॉर्डांचं कपाट, त्यात भीमसेन जोशींच्या अभंगांची तबकडी हाताळून कडा गुळगुळीत झालेली. मुलानं घेतलेल्या नव्या रिसीव्हरला ते जोडायचं होतं. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, त्याला फोनो प्रीॲम्प लागतो आणि टर्नटेबलची बारीक अर्थची तार वेगळी स्क्रूला आवळावी लागते. तेवढं केलं. पण रिसीव्हर आत आलेला प्रत्येक आवाज आधी आकड्यांत बदलत होता, त्याला हॉलचा घुमारा चढवत होता आणि पुन्हा ॲनालॉग करत होता. मुळात ॲनालॉग असलेल्या आवाजाची ही फेरी कशाला? रिमोटवरचं 'डायरेक्ट' बटण दाबलं आणि पाचही स्पीकरांत पसरलेला गळा पुढच्या दोघांच्या मधोमध येऊन उभा राहिला. काकाजी म्हणाले, "आता बुवा समोर बसून गाऊन रायले." त्या खोलीत दोन पिनांची बरी लीड याहून अधिक काही लागत नाही.

आज नवीन घेणाऱ्याला मात्र मी एचडीएमआयच सांगतो. एचडीएमआयमध्ये 2009 साली एआरसी आलं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलनं मागे ॲम्प्लिफायरकडे जाऊ लागला. 2017 च्या एचडीएमआय 2.1 बरोबर ईएआरसी आलं, त्यातून न दाबलेले सहा-आठ चॅनलही जातात. ॲपवरच्या सिनेमांचा आवाज बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस असतो. तो ऑप्टिकलमधून तसाच जात नाही, एआरसीतून जातो. डॉल्बी ॲटमॉसही त्याच रूपात जातं. ओठ आणि आवाज यांचा मेळ आपोआप साधतो, रिमोटही एकच पुरतो. केबल मात्र टीव्हीच्या कोणत्याही एचडीएमआय सॉकेटात खोचून चालत नाही. ज्यावर 'एआरसी' लिहिलं आहे तिथेच लावावी लागते.

एचडीएमआयची एक काळजी वऱ्हाडातल्या माणसानं घ्यायलाच हवी. जूनच्या पहिल्या वादळात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी दुकानात बंद पेट्यांची रांग लागते. डिशच्या केबलमधून आलेला धक्का सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीत, टीव्हीतून एचडीएमआयवाटे ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि एकाच वेळी तिन्हींची सॉकेटं मरतात. ऑप्टिकल असेल तर धक्का टीव्हीपाशी अडतो, पुढे उजेडाशिवाय काही जात नाही. म्हणून एचडीएमआय लावून देताना मी घरच्यांना सांगतो, आभाळ भरून आलं की स्विच बंद करून थांबू नका, प्लगही काढा आणि डिशची केबलही काढा.

तेव्हा ज्यांना हे घ्यायचं आहे त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोघांनाही एआरसी असेल तर एचडीएमआय लावा. ॲम्प्लिफायर जुना पण डिकोडर असलेला असेल, किंवा घोंघाट जात नसेल, तर ऑप्टिकल लावा आणि कन्व्हर्टर लागला तर त्याला वेगळा चार्जर द्या. रेकॉर्ड, कॅसेट आणि चांगला स्टिरिओ असेल तर लाल-पांढऱ्या लीडला कमी लेखू नका. दोन-चार हजारांची सोनेरी पिनांची केबल घेण्यापेक्षा तेच पैसे अर्थिंगच्या खड्ड्यात आणि स्पीकरच्या बऱ्या तारेत घाला, आवाज जास्त सुधारेल. आणि हम घालवायला कुणी प्लगची अर्थची पिन कापायला सांगितली तर त्याचं ऐकू नका. मार्च लागला की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा.